गोठा, बार्न आणि एक नसलेला रकाना

‘गोठा’ हा शब्द ज्या संस्कृत ‘गोष्ठ’पासून आला, त्याच कुळात ‘गोष्ठी’ आणि ‘गोष्ट’ हे शब्दही येतात. गाई जिथे एकत्र उभ्या राहतात ती जागा, मग माणसे एकत्र बसतात ती सभा, मग त्या सभेतले बोलणे आणि शेवटी त्या बोलण्यातून उरणारी कथा, असा हा अर्थाचा प्रवास आहे. एम.ए.च्या वर्गाला भाषाविज्ञान शिकविताना हे उदाहरण मी वर्षानुवर्षे दिले. विद्यार्थ्यांना ते आवडे आणि मलाही आवडे, कारण ते सांगताना आपण मातीतले आहोत असा एक सुखद भास होत असे. गेल्या जानेवारीत रेवदंड्याजवळ एका गोठ्यात दोन रात्री राहून आलो आणि त्या भासाची किंमत कळली. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी कुठे तरी जाऊन यावे, असा पुण्याच्या लेकीचा आग्रह होता. अडचण मोत्याची होती. मोत्या आमचा गावठी कुत्रा, वय बारा. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, शेतातल्या गोठ्यात तो जन्मला. सालदार गेल्यावर त्याला आम्ही जळगावच्या घरी आणले. त्याला कोणाकडे ठेवून जाणे शक्य नव्हते, आणि रेल्वेत न्यायचे तर एक तर पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे हवा, नाही तर गार्डाच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत या वयात त्याला कोंबणे मनाला पटेना. लेकीने यावर तोड काढली. चौल-रेवदंडा परिसरात एका नारळी-पोफळीच्या वाडीतला जुना गोठा दुरुस्त करून तिथे आलिशान निवास केला होता आणि कुत्र्या-मांजरांसह पाहुण्यांचे स्वागत होते. माहितीपत्रकावर त्याचे नाव ‘बार्न’ असे होते.

बार्न म्हणजे गोठा नव्हे, हे तेव्हाच मनात आले. इंग्रजीतला तो शब्द मुळात सातूचे घर अशा अर्थाचा. धान्य साठविण्याची आणि मळण्याची ती जागा. आपल्याकडे त्याचे काम खळे, कणगी आणि भिंतीतले बळद यांनी वाटून घेतलेले असते. तिकडे शेती यंत्रांवर गेली, ती जुनी कोठारे रिकामी पडली आणि त्यांची सुट्टीतली घरे झाली. आपल्याकडे बैल गेले, गोठे रिकामे झाले आणि त्यांची घरे करताना नाव मात्र तिकडचे आले. ‘गोठ्यात राहायला चला’ असे म्हटले तर कोण येईल? शेणाचा वास त्या शब्दालाच आहे.

गाडी आमचीच, चालवायला सालदारांचा मुलगा आला. तो आता जळगावात भाड्याच्या गाड्या चालवितो. माझी दृष्टी अलीकडे रात्री दगा देते आणि अंतर जवळजवळ पाचशे किलोमीटरचे. पहाटे चारला निघालो. धुळे, मालेगाव, नाशिक करीत, घाट उतरून, पनवेल-पेणमार्गे अलिबाग गाठेपर्यंत दुपार उलटून गेली. वाटेत मोत्या मागच्या सीटवर न बसता पुढे, चालकाच्या शेजारी खाली मुटकुळे करून पडला होता. त्या दोघांचे जुने नाते आहे. मोत्याची आई सालदारांची कुत्री होती.

चौल हे गाव आज शांत वाड्यांचे आहे. पण ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचे नाव येते. सोळाव्या शतकात शेजारच्या रेवदंड्याला पोर्तुगीजांनी तटबंदी उभारली, १७४० मध्ये ती मराठ्यांकडे आली. आज त्या तटाच्या आत माडांच्या बागा आहेत आणि एका चर्चचा उंच बुरूज एकटाच उभा आहे. खाडीपलीकडे कोर्लईला पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली अजून घराघरांत बोलली जाते. भाषेच्या मास्तराला यापेक्षा अधिक काय हवे! पण मला सर्वांत अधिक ओढ होती ती अफानासी निकितीनची. रशियातल्या त्वेर शहराचा हा व्यापारी १४७० च्या आसपास होर्मुझहून जहाजाने येऊन चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. त्याच्यासोबत विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. त्या घोड्यावर त्याची बरीचशी पुंजी गुंतलेली होती. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देईन, असे बजावले. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून घोडा सुटला. घोडे इथे चणे-वाटाणे खातात आणि त्यांच्यासाठी साखर घालून खिचडी शिजवितात, असेही निकितीनने टिपून ठेवले आहे. परक्या मुलुखात एक माणूस आपल्या जनावरासह निवारा शोधत हिंडतो, ही त्या वृत्तांताची मला भावलेली बाजू. आमच्या मोत्यालाही गेली दोन वर्षे खिचडीच लागते, फक्त बिनसाखरेची. गाडीत मी ही गोष्ट मोठ्या रसाने सांगितली. चालविणाऱ्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “सर, त्या घोड्याला कोण सांभाळत होतं? तो स्वतःच?” मला उत्तर देता आले नाही. वृत्तांतात मोतद्दाराचा उल्लेख असल्याचे मला आठवेना.

निवासस्थानी स्वागत उत्तम झाले. शहाळी आली. मोत्यासाठी पाण्याचे पितळी भांडे आले. मग एक छापील अर्ज भरावयाचा होता. त्यात कुत्र्याचे नाव, वय, जात, लसीकरणाची तारीख, खाण्याच्या आवडी, फटाक्यांची किंवा अनोळखी माणसांची भीती वाटते काय, असे रकाने होते. जातीच्या रकान्यात मी ‘गावठी’ लिहिले. समोरच्या तरुणाने ते वाचून नम्रपणे हसत ‘इंडी’ असे दुरुस्त केले. मोत्याला त्या दिवशी एक नवी जात मिळाली आणि ती पहिलीपेक्षा प्रतिष्ठित होती.

मग मी चालकाच्या झोपण्याचे विचारले.

“सर, पेट्स अलाउड आहेत, पण ड्रायव्हरची सोय इथे नाही. गावात एक लॉज आहे, मी फोन करून बघतो.”

फोन झाला. लग्नसराईमुळे लॉज भरलेले होते. आमच्याच दालनात खाली एक गादी टाकता येईल का, असे मी विचारले. एका दालनात दोन प्रौढ व्यक्ती आणि एक पाळीव प्राणी, असा नियम होता. तरुण खरोखरच ओशाळला होता; नियम त्याने केलेला नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला, “सर, मी गाडीमा झोपी जासू. तुम्ही चिंता करू नका.” एरवी माझ्याशी शुद्ध मराठी बोलणारा तो मुलगा त्या क्षणी अहिराणीत बोलला. ते फक्त आम्हां दोघांत राहावे, म्हणून असेल.

मी काय केले? मी ‘बरं’ म्हणालो. प्रवासाने अंग आंबले होते, सौ.चे गुडघे दुखत होते, पैसे आगाऊ भरलेले होते. कारणे अनेक होती आणि सगळी खरी होती.

सामान आत ठेवायला तो आला तेव्हा गोठा मी त्याच्यासोबतच प्रथम पाहिला. काळ्या दगडाचे जोते, वर कौले, आत सागवानी तुळया. पूर्वी या वाडीत रहाटाला बैल असत. त्यांचाच हा गोठा. आता जमिनीवर गुळगुळीत फरशी, छताला पिवळे दिवे, भिंतीवर वातानुकूलन यंत्र. एका भिंतीलगतची दगडी गव्हाण तशीच ठेवून तिच्यात पांढरे गोटे आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. पलंगाशेजारी शोभेचा एक लाकडी खुंटा होता. त्याला टॉवेल अडकवावयाचे. मी तुळयांकडे पाहत होतो. त्याने मात्र बॅगा ठेवल्या, गव्हाणीपाशी वाकला आणि तिच्या काठावरून तळहात फिरविला.

“ही खरी आहे, सर. घासली गेलीय बघा. बैल मान घालतात ना, तिथेच घासते. खुंटा मात्र नंतरचा. गव्हाणीपासून इतका लांब कोणी खुंटा ठोकत नाही. बैल खाणार कसा?”

एवढे बोलून तो गाडीकडे गेला. एकतीस वर्षे मी वर्गात ‘गोठा’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. पण कोणती गव्हाण खरी हे दगडावरून हात फिरवून सांगता येणे, हे ज्ञान माझ्यापाशी नव्हते. आमचाच गोठा होता, आमचेच बैल होते, तरीही.

सालदार या शब्दाविषयी इथे थोडे सांगायला हवे. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, शेतगड्याचे साल ठरते. मालकाने आणि गड्याने वर्षाचा करार तोंडी करावयाचा, काही रक्कम उचल म्हणून द्यावयाची, आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्या माणसाचे दिवस आणि रात्री मालकाच्या. आमचे सालदार भिल्ल समाजातले होते. सव्वीस आखाज्या त्यांनी आमच्याकडे काढल्या. या लेखात मी त्यांच्यासाठी आदरार्थी बहुवचन वापरतो आहे. आमच्या घरात ते कधीही वापरले गेले नाही. माझ्या वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला आम्ही पोरे एकेरी नावाने हाक मारीत असू, आणि ते मला ‘भाऊ’ म्हणत. त्यांचा चहाचा पेला गोठ्यातल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. तो पेला वेगळा का, हे मी लहानपणी विचारले नाही आणि मोठेपणी मला कारण ठाऊक होते. ते झोपत गोठ्यातच. गव्हाणीच्या टोकाशी दोन हात रुंदीचा कडब्याचा बिछाना, अंगावर घोंगडी. रात्री बैलांना वैरण टाकायची असते, एखादी गाय विण्याची वेळ असते, त्यामुळे गड्याने गोठ्यात निजणे सोयीचे, असे सगळे म्हणत. कोणाच्या सोयीचे, हा प्रश्न त्या वाक्यात दडलेला होता.

आणि गंमत अशी की, मी वर्गात आनंद यादवांची ‘गोतावळा’ शिकवीत असे. १९७१ची ही कादंबरी नारबा नावाच्या शेतगड्याने सांगितलेली आहे. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि ती जनावरे एकेक करून जातात. यंत्रयुग, ग्रामसंस्कृतीचा ऱ्हास, मानव आणि प्राणी यांचे अद्वैत असे मुद्दे मी फळ्यावर लिहीत असे आणि परीक्षेत विद्यार्थी ते मला परत लिहून देत. नारबा मळ्यात जनावरांमध्ये राहतो याचा अर्थ त्याला दुसरे घर मिळू दिलेले नाही, हा मुद्दा फळ्यावर कधी आला असेल तर तो शेवटी, तास संपता संपता. जनावरांवरचे त्याचे प्रेम खरेच आहे. पण ते प्रेम आपल्याला सुंदर वाटते तेव्हा त्याचे एकाकीपण आपण सौंदर्याच्या खात्यात जमा करून टाकलेले असते. अद्वैत हा शब्द फार सोयीचा आहे.

रात्री जेवण झाले. मोत्यासाठी पलंगाच्या पायथ्याशी मऊ गादी घातली होती, तिच्यावर त्याचे नाव लिहिलेली पाटीही होती. तो तिच्यावर बसला नाही. गव्हाणीचा कोपरा हुंगून आला, दाराशी गेला, विव्हळू लागला. साडेअकराच्या सुमारास मी दार उघडले. तो माडांच्या रांगेतून सरळ वाहनतळाकडे गेला. मी मागून गेलो. गाडीच्या काचा चार बोटे खाली होत्या, मुलगा पुढची सीट मागे करून डोळे मिटून पडला होता. मोत्या चाकाशी बसला, मग गाडीखाली सरकला आणि तिथेच निजला. मी थोडा वेळ उभा राहिलो. समुद्राचा आवाज येत होता. डासही होते. मग मी परत आलो आणि वातानुकूलित गोठ्यात झोपलो. झोप लागली, हेही सांगितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्लईचा किल्ला पाहिला, रामेश्वराच्या मंदिरातल्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसलो. संध्याकाळी मी वाहनतळावर एक खुर्ची नेली. तो गाडीच्या उघड्या दारात बसला होता, मोत्या मध्ये. बोलता बोलता वडिलांचा विषय निघाला. तो म्हणाला, “बाबा सांगायचे, गोठ्यात थंडी वाजत नाही. बैलांच्या श्वासाची ऊब असते. लहानपणी मी पण झोपलोय तिथं. आवडायचं मला.” थोडे थांबून म्हणाला, “पण पोळ्याच्या दिवशी बैलांना पुरणपोळी आधी जायची, मग तुम्हांला, मग आम्हांला. तेव्हा वाटायचं, बैल असतो तर बरं झालं असतं.” हे तो हसत म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. निदान माझ्यासाठी त्याने ती ठेवली नव्हती. काल रात्रीबद्दल मी काही तरी क्षमेसारखे बोललो. तो म्हणाला, “सर, सगळीकडं असंच असतं. महाबळेश्वर, गोवा, कुठंही. आम्ही गाडीतच झोपतो.” ज्या गोष्टीची मला एका रात्रीत लाज वाटली होती, ती त्याच्या व्यवसायाची रोजची रीत होती. माझी क्षमा त्याच्या काही उपयोगाची नव्हती. त्या रात्रीही तो गाडीतच झोपला.

परतताना मनात साने गुरुजी होते. कोकणातल्या पालगडला जन्मलेला हा माणूस १९२४ मध्ये आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आला, तिथल्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडू लागला. मी ज्या वाटेने परतत होतो, साधारण तीच त्यांचीही वाट: समुद्राकडून तापीकाठाकडे. ‘श्यामची आई’मधली मोरी गाय आपल्याला आठवते आणि डोळे पाणावतात. पण १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसलेले गुरुजी त्याच मनाचे होते, हे आपण सहसा जोडून पाहत नाही. जनावरावरची माया आणि माणसाला दारातून आत घेणे, या त्यांच्यासाठी दोन गोष्टी नव्हत्या. आपण पहिली ठेवली आणि दुसरीचा धडा केला.

आता खरी अडचण सांगतो. लेकीचा बेत मुळात वेगळाच होता. आमचा गावचा गोठा बैल विकल्यापासून पडून आहे. महाराष्ट्रात बारामती परिसरात २००५च्या सुमारास कृषी पर्यटनाचे प्रयोग सुरू झाले. २०२० मध्ये राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. आमचा गोठाही तसा करावा, असे तिला वाटते. रेवदंड्याला तिने आम्हांला पाठविले ते नमुना पाहण्यासाठी. तिचे म्हणणे चुकीचे नाही. कापसाचा भाव बेभरवशाचा, शेती ठोक्याने दिलेली, गोठ्याचे माळवद यंदाच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात खचले. पडू देण्यापेक्षा उभा ठेवावा. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी यांना गिऱ्हाईक आहे. गोठ्याचे घर करू नये, तो तसाच पवित्र ठेवावा, असे म्हणण्याचा अधिकार मला तर मुळीच नाही. तो पवित्र कधीच नव्हता.

परतल्यावर तिने आराखडा पाठविला. चार दालने, समाईक स्वयंपाकघर, कुत्र्यांना आंघोळ घालण्याची फरसबंद जागा. त्याच आठवड्यात मी वडिलांच्या जुन्या वह्या काढल्या. आखाजीच्या पानांवर सालदारांचा करार दरवर्षी टिपलेला आहे: रोख रक्कम, दादर ज्वारी, एक घोंगडी, वहाणांचा जोड, पोळ्याला धोतर. सव्वीस पाने मी वाचली. घोंगडी प्रत्येक पानावर आहे. ती घोंगडी पांघरून माणूस कुठे निजणार, याबद्दल एकाही पानावर एक शब्द नाही. ते लिहिण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. रेवदंड्याच्या त्या अर्जातही तो रकाना नव्हता. माझे वडील कमी शिकलेले शेतकरी होते. तो अर्ज करणारे उच्चशिक्षित आणि प्राण्यांवर प्रेम करणारे होते. आणि दोहोंच्या मधे मी होतो, ज्याने दोन्ही कागद वाचले आणि त्या रात्री दार लावून घेतले.

लेकीच्या आराखड्यात गव्हाणीच्या टोकाशी, जिथे कडब्याचा बिछाना असे, तिथे तिने पुस्तकांचे कपाट दाखविले आहे, माझ्यासाठी म्हणून. मी पेन्सिलीने ते खोडून तिथे एक खोली आखली. दहा बाय दहा, खिडकी, पंखा, स्वतंत्र न्हाणी. नावाच्या जागी ‘चालकांसाठी, विनामूल्य’ असे लिहिले. तिला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “आप्पा, तेवढ्यात एक आख्खं दालन बसेल. हिशेब कसा जमायचा?” तिचा हिशेब बरोबर आहे. मी तो दोनदा करून पाहिला. एक दालन कमी झाले की कर्जाचा हप्ता ओढाताणीचा होतो.

सालदारांच्या मुलाला मी आराखडा दाखविला. त्याने तो बराच वेळ पाहिला, खोलीच्या चौकोनावर बोट ठेवले आणि विचारले, “दार कुठून, सर? अंगणातून की मागून?”

मी दार आखलेच नव्हते. आराखडा अजून टेबलावरच आहे. यंदाच्या आखाजीपूर्वी तो लेकीकडे परत पाठवावयाचा आहे.